कुंपणाला करवंद: वाचकांचे प्रश्न

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत गेल्या जूनमध्ये करवंदाची दहा रोपं लावली. जुलैअखेर पानं पिवळी पडून गळाली, चार रोपं मेली. माळी म्हणतो खत कमी पडलं. दुष्काळात तगणारं झाड भर पावसात कसं मरतं?

खत टाकू नका. मेलेलं एक रोप उपटून मुळं बघा. काळी पडली असतील, चोळल्यावर साल सुटत असेल, तर ती कुजली आहेत. मुंबईत करवंद उन्हाने क्वचितच मरतं, साचलेल्या पाण्याने मात्र हमखास.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येऊरच्या किंवा कान्हेरीच्या उतारावर करवंदाची जाळी पाहिली असेल, तर आठवा ती कुठे उभी असते. कातळाच्या फटीत, मुरमाड जमिनीत. मुंबईचा २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तिथेही पडतोच. पण पडला की वाहून जातो. तुमच्या भिंतीलगत मात्र एका बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक आणि मध्ये डेब्रिजवर पसरलेली चिकट माती असणार. म्हणजे तो वाफा नाही, हौदच. मुळांना हवाच मिळत नाही.

पावसाळ्याआधी तिथे फूटभर उंच वरंबा करा. लाल मातीत विटांचे तुकडे आणि जाड वाळू सढळ हाताने मिसळा. कडेच्या बांधाला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवा. रोपं वरंब्याच्या माथ्यावर, तीन-तीन फुटांवर लावा.

आणि हो, 'दुष्काळात तगणारं' ही ओळख मुळं खोल गेलेल्या झाडाची. पहिल्या वर्षी दिवाळीपासून मेअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्याच. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याने पुरे. नंतर जमिनीतल्या झाडाला नळी लावायची गरज नाही.

येऊरहून एखादं रोप आणलं तर चालेल का?

नाही. राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटणं हा गुन्हा आहे, शिवाय सोटमूळ तुटलेलं रोप जगतही नाही. त्यापेक्षा मे महिन्यात स्टेशनबाहेर द्रोणात करवंदं विकायला बसणाऱ्या बायकांकडून पिकलेली, काळी करवंदं घ्या. खा आणि बिया ठेवा. गर धुऊन दोन-चार दिवसांत पिशवीत पेरा. बी फार दिवस ठेवलं तर उगवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसेल. नर्सरीत कॅरिसा नावाने मिळणारं बुटकं, मोठ्या फुलांचं झाड बहुधा दक्षिण आफ्रिकेतलं असतं. दिसतं छान, पण ते आपलं करवंद नव्हे.

बोरिवलीचं आमचं कुंपण दाट आहे, दर महिन्याला कापतो. फळ का धरत नाही?

कापता म्हणूनच. फुलांचे झुपके येतात ते फांदीच्या टोकाला, आणि तीच टोकं तुमच्या कात्रीखाली जातात. फळं उतरल्यावर जूनमध्ये एकदाच छाटा आणि दिवाळीनंतर कात्री बाजूला ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुईसारखी पांढरी फुलं येतील, संध्याकाळी वास दरवळेल. सरळ रेघेतलं कुंपण हवं असेल तर फळाची आशा सोडावी लागेल. मी स्वतः थोडं विस्कटलेलं कुंपण पसंत करीन. मे महिन्यात बुलबुल येतात, ते बघण्यासारखं असतं.

पान तोडलं की पांढरा चीक येतो. घरात लहान मुलं आहेत, झाड विषारी तर नाही?

शंका रास्त आहे, कारण कण्हेर याच कुळातली आणि ती सबंध विषारी. करवंदाचं पिकलेलं फळ मात्र बिनधास्त खा, हिरव्याचं लोणचं घाला. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. खरी काळजी काट्यांची घ्या: खेळायच्या जागेपासून आणि जिन्याच्या वाटेपासून झाड चार फूट लांब लावा, छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचला. आणि कण्हेर व करवंद शेजारीशेजारी लावू नका. मुलांना फरक कळेलच असं नाही.