मुलीचा व्हिसा एच-४; गणिताच्या उन्हाळी कार्यक्रमाला जाता येईल का?

प्रश्न : आम्ही दोघं आयटीत, न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी अकरावीत आहे, गणितात फार रमते. शाळेच्या कौन्सेलरने एमआयटी या विद्यापीठाचा ‘माइट्स’ हा उन्हाळी कार्यक्रम सुचवला. तो मायनॉरिटी मुलांसाठी आहे असं ऐकलं. आपण त्यात बसतो का? तिचा व्हिसा एच-४ आहे, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला. हे हुकलं तर तिचं नुकसान होईल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी व्हिसाचं बोलू, कारण गाडी तिथेच अडते. माइट्सचा सहा आठवड्यांचा निवासी उन्हाळी कार्यक्रम अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक मुलांनाच खुला आहे. एच-४वर अर्ज करता येत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आपल्या घरांना हा नियम फार टोचतो, मुलीचा यात काहीच दोष नसतो. तिला हे आजच सांगा. निबंध लिहून झाल्यावर कळलं तर जास्त लागेल.

आता मायनॉरिटीचं. १९७०च्या दशकात हा कार्यक्रम निघाला तो इंजिनिअरिंगच्या वर्गांत क्वचितच दिसणाऱ्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी मुलांसाठी. आज अर्जाला वंशाची अट नाही. पण घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच मूल, बेताची मिळकत, शाळेत वरच्या गणिताची सोय नसणं, अशा गोष्टींना तिथे वजन असतं, आणि ते असायलाच हवं. अमेरिकेत आपली संख्या थोडी असली, तरी गणित-विज्ञानाच्या वर्गांत आपली मुलं कमी नाहीत.

अशा कार्यक्रमांमागचा विचार मात्र तुमच्या मुलीच्याही कामाचा आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन या गणितज्ञांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. ती मुलं आळशी नव्हती, घरून पाठिंबाही होता. पण ती एकेकटी अभ्यास करत. चिनी-अमेरिकन मुलं आपापलं करून मग एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत. ट्रीझमन यांनी मग मुलांना गटात बसवून मुद्दाम अवघड गणितं दिली आणि निकाल पालटले. तुमची मुलगी खोलीचं दार लावून गणितं सोडवत असेल, तर तिला दोन मैत्रिणी शोधायला सांगा.

तिच्यासाठी गणिताच्या इतर उन्हाळी कार्यक्रमांची दारं आहेत. बॉस्टन युनिव्हर्सिटीतला ‘प्रॉमिस’ १९८९पासून चालतो, ‘रॉस’ तर १९५७पासून; ‘मॅथकॅम्प’ १९९३चा. तिन्हीकडे परदेशी नागरिकत्वाची मुलं घेतात. फी आहे, पण गरजूंना मदतही मिळते. प्रवेशाचा मुख्य भाग म्हणजे त्यांनी दिलेली गणितं घरी, सावकाश, स्वतः सोडवून पाठवणं. इथे मैत्रीण नको, ट्यूटर नको, एआय नको आणि बाबाही नकोत.

तिला हे जमेल का, याचा अंदाज हवा असेल तर एक गोष्ट करून बघा. ५ म्हणजे १ + ४, १३ म्हणजे ४ + ९, १७ म्हणजे १ + १६, सगळ्या दोन वर्गांच्या बेरजा. ३, ७, ११ मात्र कशाही मांडा, जमत नाहीत. कोणत्या मूळ संख्या जमतात आणि का, एवढंच विचारा. उत्तर शोधून देऊ नका. ४ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीकडे तिचं लक्ष आपोआप गेलं, तर छान. पण नियम दिसल्यावरही ‘हे नेहमीच खरं कशावरून?’ म्हणून ती आठवडाभर त्याच्यामागे लागली, तर रॉस किंवा प्रॉमिसला तिने अर्ज जरूर करावा. तिथे सहा आठवडे हेच चालतं. दोन दिवसांत कंटाळली तरी काही बिघडत नाही. तिला कदाचित कोडिंग किंवा संख्याशास्त्र आवडेल, आणि तो उन्हाळा तिकडे लागेल.

कॉलेजच्या अर्जावर एका कार्यक्रमाचं नाव नसल्याने तिचं नुकसान होणार नाही. प्रवेशाची गणितं साधारण हिवाळ्यात जाहीर होतात, आणि ती सोडवायला आठवडे लागतात. शिफारसपत्रासाठी गणिताच्या शिक्षकांशी तिने स्वतः बोलावं, तुम्ही ईमेल करू नका.