लिंक ३० टक्केच भरलेली, तरी पी९९ २०० मिलिसेकंद का?

तुमच्या प्रायव्हेट क्लाउडमध्ये लिंक सरासरी ३० टक्केच भरतात, उत्तरं एक-दोन मिलिसेकंदांत येतात, पण शंभरातलं एखादं २०० मिलिसेकंद घेतं (९९ टक्के उत्तरं ज्या वेळेच्या आत येतात, तो पी९९). म्हणून १० गिगाबिटवरून २५ वर जावं का, असं तुम्ही विचारलंय. हा खर्च आत्ता करू नका.

दुर्लक्षही करू नका. तुमचं एक पान ४० सर्व्हरना विचारून बनतं. प्रत्येकाकडून एक टक्का उशीर, आणि तोही एकमेकांशी संबंध नसलेला धरला, तरी दर तीन पानांमागे एक पान रखडणार.

२०० हा आकडाच बोलका आहे. लिनक्समध्ये टीसीपीचा रीट्रान्समिशन टाइमआउट, म्हणजे पोच आली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवण्याआधी थांबायची वेळ, मुळात २०० मिलिसेकंदांखाली जात नाही. म्हणजे पॅकेट गळतंय आणि पाठवणारा तेवढा वेळ नुसता थांबून राहतोय. चाळीस उत्तरं एकाच क्षणी स्विचच्या एका पोर्टवर आदळतात, पॅकेटं थांबायची तिथली जागा, म्हणजे बफर, ओसंडतो. हा इनकास्ट. पाच मिनिटांच्या सरासरीत तो दिसणारच नाही. सर्व्हरवरच्या नेटस्टॅट या कमांडमधले टाइमआउट आणि त्या पोर्टचे ड्रॉप सोबत वाढतात का, ते आधी बघा.

मोठ्या बफरचे स्विच आम्ही एकदा घेऊन पाहिले. ड्रॉप थांबले, पण बॅकअप सुरू झाला की छोट्या विनंत्या त्याच्यामागे ताटकळायच्या. १० गिगाबिटवर १ मेगाबाइटची रांग उपसायला ०.८ मिलिसेकंद लागतात. क्युबिकला, म्हणजे लिनक्समधल्या टीसीपीच्या नेहमीच्या गर्दी-नियंत्रणाला, पॅकेट गळेपर्यंत गर्दी कळत नाही, त्यामुळे द्याल तेवढा बफर तो भरून टाकतो.

रांगच आखूड ठेवायला हवी. मी डीसीटीसीपी, म्हणजे डेटा सेंटरसाठीचा टीसीपी, लावेन. मायक्रोसॉफ्ट आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तो २०१० मध्ये मांडला, लिनक्समध्ये ३.१८ पासून आहे. रांग ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की स्विच पॅकेट न टाकता त्यावर ईसीएनची, म्हणजे गर्दी झाल्याची, खूण करतो. पाठवणारा किती पॅकेटांवर खूण आली ते मोजून त्या प्रमाणात विंडो, म्हणजे पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा ती मर्यादा, उतरवतो: सगळ्यांवर असेल तर निम्मी, दहा टक्क्यांवर असेल तर पाचच टक्के. त्यामुळे लिंक भरलेली राहते, रांग मात्र वाढत नाही. मूळ प्रयोगांत १० गिगाबिटसाठी मर्यादा ६५ पॅकेटांची होती; तिथून सुरुवात करा.

क्युबिकला मात्र त्याच रांगेत ठेवू नका. ईसीएन नसेल तर त्याची पॅकेटं त्या मर्यादेवरच टाकली जातात आणि तो उपाशी मरतो. म्हणून क्युबिकवर चालणाऱ्या बॅकअपला वेगळी, कमी प्राधान्याची रांग द्या. उरलेली बँडविड्थ तो खाईल. लिंक पुरेपूर वापरली जाते ती इथूनच.

पहिल्या फेरीत डीसीटीसीपीचाही उपयोग नाही. चाळीस सर्व्हर खूण परत येण्याआधीच दहा-दहा पॅकेटं सोडतात: ४०० पॅकेटं, सुमारे ६०० किलोबाइट. त्यासाठी विनंत्या काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने सोडा, उत्तरं लहान करा, आणि आरटीओ-मिन, म्हणजे तो २०० मिलिसेकंदांचा किमान टाइमआउट, फक्त आतल्या रूटवर कमी करा. तो कमी करताना डिलेड अ‍ॅकचे, म्हणजे घेणारा पोच उशिरा देतो त्याचे, ४० मिलिसेकंद लक्षात असू द्या, नाहीतर पोचलेली पॅकेटंही पुन्हा पाठवली जातील.