कॅरिबियनमध्ये भव्य हॉटेल आणि स्थानिक जेवण दोन्ही हवे असेल तर पोर्ट ऑफ स्पेन

आपला प्रश्न मी असा समजलो: आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त आपण चौघे कॅरिबियन बेटांवर जाणार आहात, मोठ्या हॉटेलात राहण्याची हौस एकदा पुरवून घ्यायची आहे, स्थानिक पदार्थ मनसोक्त खायचे आहेत, आणि चौघांपैकी दोघे शाकाहारी आहेत. प्रवास कंपनीने सुचवलेल्या दोन रिसॉर्टपैकी, ज्यांत सगळे जेवणखाण भाड्यातच धरलेले आहे, कोणते घ्यावे असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही घेऊ नयेत. जेवणाचे पैसे आधीच भरलेले असले की फाटकाबाहेर पडून जेवायला कोणाचे मन होत नाही, आणि आत जे मांडलेले असते ते बहुतेक वेळा उत्तर अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्यांच्या जिभेला जपून केलेले असते. आपल्याला खायला जायचे आहे, म्हणून खोली भव्य असावी आणि जेवण बाहेर असावे. हे दोन्ही एका जागी साधायचे तर मी त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन सुचवीन.

तिथले हिल्टन हॉटेल १९६२ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी सुरू झाले. ते टेकडीच्या उतारावर बांधलेले असल्यामुळे प्रवेशद्वार आणि स्वागतकक्ष सर्वांत वर आहेत, खोल्यांचे मजले तिथून खाली उतरत जातात आणि मजल्यांचे आकडेही वरून खाली मोजले जातात. त्यामुळे खोलीकडे जाताना लिफ्ट खाली जाते. स्थानिक लोक त्याला गमतीने ‘उलटे हिल्टन’ म्हणतात. आरक्षण करताना सव्हानाकडे तोंड असलेली खोली मिळावी, असे लेखी कळवावे, कारण या हॉटेलचे खरे वैभव सज्जातून दिसणाऱ्या देखाव्यात आहे: समोर क्वीन्स पार्क सव्हानाचे विस्तीर्ण मैदान आणि त्यापलीकडे पारियाचे आखात. हे मैदान गव्हर्नर वुडफर्ड यांनी १८१७ साली पेशिए कुटुंबाकडून शहरासाठी विकत घेतले, आणि त्या कुटुंबाची छोटी दफनभूमी आजही मैदानात भिंतीआड जपलेली आहे. मैदानाच्या पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या आरंभीची सात टोलेजंग बांधकामे ओळीने उभी आहेत. त्यांतले क्वीन्स रॉयल कॉलेज आणि स्टोलमायर यांचा किल्लेवजा वाडा तरी सकाळच्या उन्हात पाहून यावा. खोली मात्र न्याहारीशिवाय घ्यावी. हॉटेलातली न्याहारी एखाद्या दिवशी पैसे भरून खाता येईल, पण ती रोजची ठरली की सकाळचे डबल्स हुकतात, आणि तेवढ्याने सहलीचा निम्मा हेतू वाया जातो.

डबल्स म्हणजे हळद घातलेल्या, यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या, ‘बारा’ नावाच्या दोन लुसलुशीत तळलेल्या पुऱ्या आणि त्यांवर रसदार चना. वरून चिंचेची चटणी, काकडी, कैरीचे मसालेदार कुचेला आणि तिखट मिरचीचे सॉस. हा पदार्थ १९३० च्या दशकात दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाऊन येथे दीन कुटुंबाने रूढ केला, असे तिथे सर्वमान्य आहे. विक्रेता किती तिखट हवे ते विचारतो, तेव्हा पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ म्हणावे. तिथली मिरची लवंगीला लाजवणारी आहे आणि कोल्हापूरचा अभिमान तिथे उपयोगी पडत नाही. गाडीजवळ उभे राहून, मेणकागदावरून, हातानेच खायचे असते. किंमत एका अमेरिकी डॉलरच्या आगेमागे असते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचे चाखून मग आपले ठरवावे.

या जेवणामागचा इतिहास ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून उतरलेल्या पहिल्या करारबद्ध मजुरांपाशी सुरू होतो. ही पद्धत १९१७ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे भारतातून त्रिनिदादला आली. त्यांतले बहुसंख्य भोजपुरी पट्ट्यातले होते, म्हणून पदार्थांची नावे ओळखीची वाटतात, चव मात्र वेगळी लागते. कोथिंबिरीच्या जागी ‘शॅडो बेनी’ नावाची लांब पानांची उग्र वनस्पती आली, आणि एवढ्या एका बदलाने सगळ्या चटण्यांचा वास पालटला. सकाळी साडा रोटीबरोबर भाजलेल्या वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोका मिळतो, ज्यावर लसणाची कडकडीत फोडणी ओततात. दुपारी दालपुरी खावी. भरडलेल्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ती मोठी रोटी भाजीभोवती गुंडाळून देतात. दक्षिणेकडे देबे गावात रस्त्याकडेच्या दुकानांतून फुलौरी, बैगनी, कचोरी आणि साहिना मिळतात. साहिना अळूच्या पानांचा आणि डाळीच्या पिठाचा असतो, आणि तो खाताना आपल्या आईला अळूवडी आठवल्याशिवाय राहणार नाही. अर्धा दिवस काढून गाडीने देबेला जाणे मला कोणत्याही किनाऱ्यापेक्षा मोलाचे वाटते.

शाकाहारींनी दोन पदार्थांबाबत सावध राहावे. अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध यांचे कॅलालू दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यात खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असू शकते, आणि मॅकरोनी पायमध्ये अंडे असते. डबल्सबाबत अशी काळजी नसते. मांसाहारींनी पेलाऊ चुकवू नये. साखर करपवून तिच्यात कोंबडी परततात आणि मग तांदूळ, तुरीचे ओले दाणे व नारळाचे दूध घालून शिजवतात. मारकसच्या किनाऱ्यावरची ‘बेक अँड शार्क’ ही तळलेल्या पावातली शार्क प्रसिद्ध आहे, पण शार्कांची संख्या घटत असल्याने मी तिथे दुसरा मासा मागतो, आणि चिंच-लसणाच्या चटण्यांसह तोही तितकाच रुचकर लागतो. शहराला स्वतःचा चांगला किनारा नाही. मारकसला डोंगरातून गाडीने पाऊण तास लागतो. निळेशार पाणी हवेच असेल तर शेवटचे दोन दिवस टोबॅगोला, म्हणजे याच देशाच्या दुसऱ्या बेटावर, जावे. विमानाने अर्धा तासही लागत नाही, आणि स्टोअर बे येथे खेकड्याची करी व पिठाचे डंपलिंग मिळतात.

वडिलांना क्रिकेटची आवड असेल तर क्वीन्स पार्क ओव्हल हॉटेलपासून जवळच आहे. वाडेकरांच्या संघाने मार्च १९७१ मध्ये वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय याच मैदानावर मिळवला. त्यात दिलीप सरदेसाईंच्या ११२ धावा होत्या आणि सुनील गावसकरांचे ते कसोटी पदार्पण होते. त्या मालिकेविषयी जुन्या टॅक्सीचालकांशी बोलणे सुरू केले तर प्रवास लांबला तरी चालेल असे वाटते.

सुरक्षिततेचा विचार गांभीर्याने करावा. शहरात गुन्हेगारीचा प्रश्न आहे, म्हणून अंधार पडल्यावर सव्हानावर पायी फिरू नये, टॅक्सी हॉटेलमार्फतच बोलवावी आणि निघण्यापूर्वी भारत सरकारची प्रवाससूचना पाहावी. जानेवारी ते मे हा कोरडा काळ उत्तम असतो. मात्र कार्निव्हल हा तिथला मोठा उत्सव ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच्या सोमवारी-मंगळवारी असतो आणि त्या आठवड्यात खोल्यांचे दर कडाडतात. आईवडिलांना शांतता हवी असेल तर मार्चअखेर किंवा एप्रिल धरावा, आणि खोलीच्या दरात कर व सेवाशुल्क धरले आहेत की नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.