वाचकांचे प्रश्न : टेल बूमची कंपने

प्रश्न (लातूर) : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हेलिकॉप्टरच्या टेल बूमऐवजी (शेपटीच्या लांब दांड्याऐवजी) ॲल्युमिनियमचा पाइप घेतला आहे. बाहेरचा व्यास 50 मिमी, जाडी 2 मिमी, लांबी 1.5 मीटर. एक टोक वाइसमध्ये, दुसऱ्या टोकाला टेल रोटर म्हणून 1 किलोची मोटर. सूत्राने त्याची स्वतःची कंपन-वारंवारता 21.5 हर्ट्झ येते. कंपने मोजायला टोकाला मोबाइल चिकटवून ठोका मारला, तर 9 च्या आसपासच दिसते. चूक कुठे?

उत्तर : सूत्र चुकलेले नाही, पण ते रिकाम्या पाइपचे आहे. पाइपचे वजन जेमतेम 1.2 किलो आणि मोटर 1 किलोची, ती सोडून कसे चालेल? टोकाच्या वजनात पाइपच्या वजनाचा सुमारे 24 टक्के भाग मिळवा; 1.29 किलो होतात. पाइपचा ताठपणा टोकाशी मिलिमीटरला 5.4 न्यूटन. या दोन्हींवरून उत्तर 10.3 हर्ट्झ. मोबाइलचे 200 ग्रॅम धरले की 9.6.

उरलेला फरक बहुधा वाइसचा. सपाट जबड्यात गोल पाइप दोनच रेषांवर टेकतो, आवळला की चेपतो आणि मुळाशी डुलतो. पाइपच्या मापाची खाच पाडलेले सागवानी ठोकळे लावा, आत घट्ट बसणारा 150 मिमीचा भरीव तुकडा घाला. मग मोबाइल जबड्यालाच चिकटवून ठोका मारा. तिथेही तीच वारंवारता ठळक दिसली तर मूळ हलतेय. लांबी जबड्याच्या कडेपासून मोटरच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजा. मोबाइल दुहेरी टेपने लावला असेल तर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मोजू नका. टेप मऊ पडते, मोबाइल वेगळाच थरथरतो आणि आलेखात नसलेले शिखर उगवते.

हा हिशेब किरकोळ नाही. मिनिटाला 300 फेरे घेणाऱ्या दोन पात्यांच्या मुख्य रोटरचा ठोका (दर पात्यामागे एक धक्का) 10 हर्ट्झचा. 21.5 वर विसंबलात तर बूम सुरक्षित वाटेल. प्रत्यक्षात ती त्या ठोक्यावरच बसली आहे, म्हणजे प्रत्येक धक्क्याने थरथर वाढणार. खऱ्या बूमच्या टोकालाही गिअरबॉक्स, टेल रोटर आणि उभा पंख असतो, आणि मुळाशी बोल्ट ढिला पडला की वारंवारता खाली घसरते.

प्रश्न (परभणी) : शेपटी थरथरते ती रोटरच्या ठोक्याने की हवेच्या माऱ्याने, हे मोजमापात कसे ओळखावे?

उत्तर : रोटरचा वेग मर्यादेत राहून दोन-तीन टक्के बदला. शिखर वेगासोबत सरकले तर ठोका रोटरचा, असंतुलन तपासा. जागचे हलले नाही तर बूमची स्वतःची वारंवारता हवेने छेडली आहे. वीस सेकंदांची नोंद घ्या, म्हणजे 0.05 हर्ट्झचा फरक कळतो. दोन सेकंदांत अर्ध्या हर्ट्झच्या आतले काही दिसत नाही. हवेचा मारा बहुतेकदा रोटरच्या हबमागून (पाती जोडलेल्या मधल्या भागामागून) सुटलेल्या भोवऱ्यांचा असतो, ते उभ्या पंखावर आदळतात. अशा वेळी रोटर कितीही संतुलित करा, गुण येत नाही. हबवर टोपी बसवून किंवा हबखालचे आवरण बदलून भोवऱ्यांची वाट वळवावी लागते.