चिंच लावू नका

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथल्या जुन्या बाजारात त्याने १८६३ सालचं तांब्याचं नाणं घेतलं. एका बाजूला पिसांचा टोप घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत ‘वन सेंट’. भिंगातून पाहिलं तर वर बारीक अक्षरांत ‘नॉट’! तो फसला का? आणि चिंच लावून उजळवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चिंच आधी स्वयंपाकघरात परत ठेवा, मग पुढचं वाचा.

मुलगा फसलेला नाही. अमेरिकेत यादवी पेटल्यावर लोकांनी सोनंचांदी दडवली आणि १८६२मध्ये सेंटसुद्धा बाजारातून गायब झाले. सुट्ट्यांऐवजी टपाल तिकिटं फिरू लागली, ती बोटांना चिकटत. मग उत्तरेकडच्या खासगी कारागिरांनी सेंटच्याच मापाची, सुमारे १९ मिलिमीटरची, नाण्याऐवजी चालणारी टोकनं पाडली. काहींवर दुकानदारांची नावं, तर काहींवर झेंडा, गरुड, संघराज्याच्या घोषणा. ही दुसरी देशभक्तीची. सरकारी नाण्याची नक्कल केल्याचा आळ येऊ नये, म्हणून तो ‘नॉट’. १८६४मध्ये कायद्यानेच खासगी नाणी बंद केली.

माझा जीव जडलाय तो डिक्सच्या टोकनावर. जॉन डिक्स यादवीच्या तोंडावर अमेरिकेचे अर्थमंत्री होते. जानेवारी १८६१मध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सला हुकूम धाडला : अमेरिकेचा झेंडा कुणी उतरवू पाहील, तर त्याला जागच्या जागी गोळी घाला. ते शब्द थोड्या फरकाने टोकनांवर उतरले. एका साच्यात कोरणाऱ्याने ‘ऑन द स्पॉट’मधल्या (म्हणजे ‘जागच्या जागी’) ‘स्पॉट’मध्ये एक ‘ओ’ जास्त घातला आणि ‘स्पूट’ झालं. ते टोकन हातात धरलं की मला घाईघाईने साचा कोरणारा तो माणूस दिसतो.

आता चिंचेचं. पहिलं टोकन मी चिंच-मिठाने घासलं होतं. देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखं लखलखलं, पण दीडशे वर्षांचा तपकिरी थर गेला आणि पिसांच्या बारीक रेघाही पुसट झाल्या. आजही ते पाहवत नाही. तुमचं टोकन कडेने धरा, पीव्हीसीच्या पाकिटात मात्र ठेवू नका, तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो.

फल्ड पितापुत्र या अमेरिकी नाणेअभ्यासकांनी या टोकनांच्या साच्यांना क्रमांक दिलेत. मुलाला दोन्ही बाजूंचे क्रमांक शोधायला सांगा आणि मला जरूर कळवा.