प्राण्यांची बुद्धी तपासून प्राण्यांच्या पदरात काय पडतं?

प्राणिसंग्रहालयात प्राण्यांपुढे कोडी ठेवून त्यांची बुद्धी तपासतात, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय फायदा, असं तुम्ही विचारलंय. फायदा मोठा आहे. कोंडलेल्या जनावराला काय हवं हे एरवी माणूसच ठरवून टाकतो. अशा अभ्यासात ते निदान त्यालाच विचारलं जातं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या कंदुला या सात वर्षांच्या आशियाई हत्तीचं बघा. फळं खोचलेली फांदी त्याची सोंड पोचणार नाही इतकी उंच टांगली होती. आवारात प्लॅस्टिकचा एक मोठा ठोकळा पडलेला. सुरुवातीला त्याने ठोकळ्याला हातही लावला नाही. मग एकदा तो थेट ठोकळा ढकलत फांदीखाली घेऊन आला, वर पुढचा पाय रोवला आणि फळं काढली. ठोकळा नसताना मोठा टायर वापरला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. इतकं डोकं चालवणाऱ्या जनावरापुढे ठरल्या वेळी चारा आणून टाकला, तर उरलेल्या दिवसाचं त्याने करायचं काय? मग ते जागच्या जागी डोलत राहतं.

म्हणून खाणं लपवायचं, उंच टांगायचं, दिवसभरात थोडं थोडं द्यायचं. छोट्या रानमांजरांना असं लपवून, विभागून खाणं दिलं, तर त्यांच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या कमी झाल्याचं दिसलेलं आहे. जिथे हा बदल सहज करता येतो तिथेही तो होत नसेल, तर मला ते अक्षम्य वाटतं.

प्राणी कसे शिकतात हे कळल्याचा उपयोग दवाखान्यातही होतो. खाऊच्या बदल्यात शेपटी जाळीबाहेर देऊन शांत बसायला वाघाला शिकवता येतं. मग रक्ताच्या तपासणीसाठी दरवेळी बेशुद्ध करावं लागत नाही.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. महाराजबाग आणि गोरेवाडा इथल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांसाठी कूलर लावतात, ते हवेतच. पण कूलरसमोर बसायचं, पाण्यात डुंबायचं की झाडाखाली पडायचं, हे ठरवायची मोकळीक प्राण्याला हवी. तो कुठल्या वेळी कुठे बसतो याची रोज नोंद ठेवायला महागडं यंत्र लागत नाही. वही आणि लक्ष देणारा कीपर पुरतो, आणि पुढचा पिंजरा बांधताना ती वही इंजिनिअरच्या टेबलावर असायला हवी.