वाचक विचारतात : गलोल ते कॅटापुल्ट

प्रश्न : सायकलच्या ट्यूबची गलोल केली, पण रबर आठ दिवसांत तुटते आणि खडा सारखा डावीकडे जातो. बागेतली माकडे हाकलायची आहेत. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : दोष बहुतेक कापण्यात असतो. कात्रीने थांबत थांबत कापले की कडेला बारीक खाचा राहतात, आणि ताण आला की चीर तिथूनच सुरू होते. ट्यूब फळीवर सपाट धरून नव्या ब्लेडने एका ओढीत कापा. बांधायला तार नको, ती रबरात रुतते. ट्यूबचीच अरुंद पट्टी ताणून गुंडाळा. खडा न घालता गलोल ओढून सोडू नये, सगळा जोर रबरावर उलटतो. उन्हात टांगून ठेवलेल्या रबराला लवकर तडे जातात.

खडा डावीकडे जातो म्हणजे डावी पट्टी आखूड किंवा रुंद असावी. दोन्ही पट्ट्या सोडवा, एकेकीला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली टांगा आणि लांबी मोजा. जी कमी ताणली जाते ती कडेने थोडी अरुंद करा, तीही एकाच ओढीत. एवढ्याने भागले नाही तर चामड्याचा तुकडा तपासा. दोन्ही भोके मध्यापासून सारख्या अंतरावर हवीत. बेचके पेरूचे किंवा चिंचेचे घ्यावे आणि सावलीत वाळवावे. शेवगा, पांगारा ठिसूळ, ताण पडताच फाटा मोडून तोंडावर येतो.

माकडांवर मात्र नेम धरू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राण्याला जखमी करणे हीसुद्धा शिकारच ठरते. पत्र्याचा डबा टांगा आणि वाळवलेल्या मातीच्या गोळ्या त्यावर मारा. आवाजाने कळप बिचकतो, पण लवकर सरावतोही, म्हणून डब्याची जागा बदलत राहा. समोर माणूस असेल तर गलोल ताणूच नका. डोळा जायला एक खडा पुरतो.

प्रश्न : ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर कॅटापुल्ट (विमान झटक्याने पुढे फेकणारे यंत्र) आहे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : १९६१मध्ये नौदलात आलेल्या पहिल्या ‘विक्रांत’वर वाफेचे होते. डेकखालच्या नळकांड्यांतले दट्टे वाफेच्या दाबाने धावत आणि विमानाला पुढे खेचत. २०२२मध्ये दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’वर ते नाही. तिथे विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावते आणि पुढच्या वर वळलेल्या उतारावरून उडते. तसाच उतार गोव्यात नौदलाच्या ‘हंसा’ तळावर जमिनीवर बांधला आहे, वैमानिकांच्या सरावासाठी. कॅटापुल्ट नसल्याने विमानाला इंधन आणि शस्त्रे बेतानेच घ्यावी लागतात.